पोत्याचं खत, उकिरड्याचं खत: एकाच रानातल्या चार पट्ट्यांच्या नोंदी

रान करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठापासून थोडं आत. मध्यम काळं, ३२ गुंठे. ऊस, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक), परत ऊस, मध्ये कधी सोयाबीन. पूर्वी खताच्या एका पोत्यात जेवढं पिकायचं तेवढ्याला आता दोन पोती लागतात, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. पण एकाच रानात, एकाच बेण्यावर, खत तेवढं वेगळं ठेवून वर्षानुवर्षं बघितलेलं कोणी मला भेटलं नाही. म्हणून पट्टे पाडले आणि वही घातली. ज्यांना असं करायचं आहे त्यांच्यासाठी ती इथं उतरवते आहे.

मे २०१७: माती आणि आखणी

खताचा एक दाणा पडायच्या आधी माती काढली. उसाची मुळं खोल जातात, म्हणून व्ही आकाराचा फूटभर खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडली. बांध, झाडाची सावली आणि जुन्या उकिरड्याची जागा सोडली. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहिले. निकाल: सामू (पीएच) ७.८, क्षारता कमी, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत राहिलेला कार्बन) ०.४६ टक्के, म्हणजे मध्यम. तोवर या रानातला पाला दर तोडीनंतर पेटवलाच जात होता.

पट्टे उताराच्या दिशेनं पाडले. आडवे पाडले असते तर वरच्या पट्ट्यातलं विरघळलेलं खत पाण्याबरोबर खालच्यात गेलं असतं. शिवाय आमच्या रानाची खालची बाजू पुरात जाते. पट्टे उभे असले की पुराचा फटका सगळ्यांना सारखा बसतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन सऱ्या राखीव. त्यांचा ऊस हिशेबात धरायचा नाही.

घरात पडलेली नावं अशी. ‘पोत्याचा पट्टा’: शिफारशीप्रमाणे पूर्ण रासायनिक खत, शेणखत नाही, पाला ओढून बांधावर. ‘उकिरड्याचा पट्टा’: फक्त शेणखत. ‘मिसळीचा पट्टा’: शेणखत, पाचट (उसाचा वाळला पाला), ताग (हिरवाच मातीत गाडायचं पीक) आणि नत्र (नायट्रोजन) पाऊण मात्रेत. आणि तीन सऱ्या ‘कोऱ्या’, त्यांना काहीच नाही. कोऱ्या सऱ्यांवरून घरात बरंच झालं. मामांचं (माझे सासरे) म्हणणं, “रान उपाशी मारून काय कळणार हाय?” पण त्या सऱ्या नसल्या तर मातीनं स्वतःहून किती दिलं आणि खतानं किती दिलं, हे वेगळं काढता येत नाही. त्या ठेवल्याच.

ऑगस्ट २०१७: आडसाली लागण

आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तोडायचा ऊस. जात को ८६०३२, साडेचार फुटी सरी. आडसालीची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद (फॉस्फरस), १७० पालाश (पोटॅश). एकरी धरलं तर १६०, ६८, ६८. नत्र चार वेळा विभागून: लागणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, मग १०, आणि भरणीला (उसाच्या बुडाला माती चढवताना) उरलेलं ४०. स्फुरद-पालाश अर्धं लागणीला, अर्धं भरणीला.

फक्त शेणखतावर ऊस घ्यायचा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. एकरी १६० किलो नत्र त्यातून द्यायचं तर ३२ टन शेणखत लागतं, आणि त्यातलं सगळं नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळतही नाही, बरंचसं पुढं हळूहळू सुटतं. आमच्या गोठ्यात दोन म्हशी. ३२ टन आणायचं कुठून? म्हणून उकिरड्याच्या आणि मिसळीच्या पट्ट्याला एकरी १० टनांच्या हिशेबानं टाकलं. उकिरड्याचा पट्टा मागं पडणार हे धरूनच चाललो.

घरचं खत पुरलं नाही, ट्रॉल्या विकत घेतल्या. साडेतीन हजाराला एक, पसरायची मजुरी वेगळी. तीन टन म्हणून आलेली ट्रॉली काट्यावर नेली तर दोन टनांच्या जेमतेम वर भरली, आणि त्यातही माती दिसत होती. तेव्हापासून ट्रॉलीवर नाही, काट्यावर घेतो.

ऑक्टोबर २०१७: हुमणी

शेणखताच्या दोन्ही पट्ट्यांत मधली मधली बेटं (उसाचे झुपके) वाळायला लागली. ओढलं की अख्खं बेट हातात, मुळं कुरतडलेली. खाली माती उकरली की पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, हीच हुमणी. पोत्याच्या पट्ट्यातही होती, पण कमी. विकतच्या खताचा आतला भाग अजून हिरवट आणि गरम होता. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणी सुखानं वाढते, आणि ते खत आम्ही थेट सरीत भरलं होतं.

वाळलेली बेटं उपटून अळ्या वेचल्या. औषधाची आळवणी केली, पण अळी मोठी झाल्यावर त्याचा उपयोग थोडाच. पुढच्या वर्षापासून तीन गोष्टी ठरल्या. खत उन्हाळ्यात आणून खड्ड्यात घालायचं, ओल ठेवायची, एकदा तरी वरखाली करायचं, आणि हात घातल्यावर ऊब लागेना झाली की मगच रानात न्यायचं. टाकण्याआधी त्यात हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळायची. आणि वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून पाडायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. तिसरी गोष्ट एकट्या शेतकऱ्यानं करून भागत नाही, शेजारच्या बांधांनीही करावी लागते.

जानेवारी २०१९: पहिली तोड

सगळ्यात मोठा पेच वजनाचा. तोडणी टोळी पट्ट्यापट्ट्यानं तोडायला तयार होत नाही, त्यांना ट्रॉली भरायची घाई असते. खुशाली वाढवून दिली तरी मोळ्या मिसळल्याच. शेवटी टोळी यायच्या आधी प्रत्येक पट्ट्यात वर, मध्ये आणि खाली दहा-दहा मीटर सरी मोजून घरच्या माणसांनी तोडली, पाला-वाढे काढून टांगत्या काट्यावर तोलली आणि त्यावरून एकरी काढलं. अंदाजच आहे, पण सगळ्या पट्ट्यांना एकाच रीतीनं लावलेला. ज्यांना पट्टे पाडायचे आहेत त्यांनी हेच करावं, काट्याच्या पावतीवर विसंबू नये.

पोत्याचा ५८ टन, मिसळीचा ५७, उकिरड्याचा ४१, कोऱ्या सऱ्या ३३.

मामा म्हणाले, “शेणखत घालून टनभरबी वाढंना, मग ट्रॉलीला पैसं कशाला घालायचं?” त्या वर्षापुरतं ते खरं होतं. मी त्यांना रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राचं सांगितलं. इंग्लंडमध्ये १८४३ पासून गव्हाचं एक शेत असंच पट्टे पाडून चालू आहे. तिथं शेणखताच्या आणि योग्य रासायनिक खताच्या पट्ट्यांत गव्हाचं उत्पन्न कित्येक दशकं जवळजवळ बरोबरीचंच राहिलं. मातीत मात्र आज शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब दुपटीहून जास्त आहे. त्या पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं, हेही सांगायला हवं. आमचं एकरी १० टन, तेही लागणीलाच. मामा म्हणाले, “मग बघू म्हंजे.” त्यांनी रान मोडू दिलं नाही, हे माझ्या लेखी मोठं.

मार्च-एप्रिल २०१९: खोडवा पिवळा

मिसळीच्या पट्ट्यात पाला पेटवला नाही, एकाआड एक सरीत दाबला. महिन्याभरात तोच पट्टा सगळ्यात पिवळा दिसायला लागला. दुकानातून ‘केवडा (लोहाची कमतरता) आहे’ म्हणून हिराकस (लोहाचं खत) मिळालं, फवारलं, फरक शून्य. केवड्यात कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथं खालची जुनी पानं सरसकट पिवळी होती. ती नत्राची भूक. उसाच्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडं, म्हणून कुजवणारे जीवाणू आपल्या वाढीसाठी मातीतलं नत्र उचलतात आणि पीक काही काळ उपाशी राहतं.

यावर शिफारस आहे: टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जीवाणू खत. आम्ही पाला दाबला होता, वर काही टाकलं नव्हतं. मग टाकलं, पाणी दिलं, आणि मे अखेर पट्टा हिरवा झाला. पण फुटव्याचे दिवस गेले ते गेले. त्या खोडव्यात मिसळीचा पट्टा पोत्याच्या मागंच राहिला. गावात पाचट ठेवून ‘खोडवा बसला’ म्हणून परत पेटवायला लागलेले जे आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं इथंच बिनसलेलं असतं.

ऑगस्ट २०१९: पूर

खालचा अर्धा भाग पाण्याखाली, शेंडे कुजले. पाणी ओसरल्यावर चार बोटं गाळ. त्या भागाची नोंद इथून वेगळी ठेवली. २०२१ च्या जुलैत परत तेच झालं. पुढचे सगळे आकडे वरच्या अर्ध्या भागाचे आहेत.

जून-ऑगस्ट २०२०: ताग

खोडवा मोडून मिसळीच्या पट्ट्यात ताग पेरला. फुलावर आला की गाडायचा. तेव्हाच पावसानं झोडपलं. आणखी थांबलं तर ताग जून होतो, काडी कडक झाली की लवकर कुजत नाही, म्हणून वाफसा (मशागतीजोगी बेताची ओल) नसताना ट्रॅक्टरचा रोटर घातला. ताग गाडला गेला, पण सहा इंचाखाली चिखल दाबून पाट्यासारखा थर झाला. लागणीनंतर त्या पट्ट्यात पाणी तुंबायचं. हिरवळीच्या खतानं माती मोकळी व्हायची, तिथं ट्रॅक्टरच्या वजनानं ती दाबली.

आता ताग वेगळा घेत नाही. लागणीनंतर वरंब्याच्या बगलेत टोकतो आणि बाळभरणीला (पहिल्या हलक्या भरणीला) तिथंच मातीत घालतो. ट्रॅक्टर लागत नाही, आणि पावसाच्या घातीवर सगळं अडकून राहत नाही.

जानेवारी २०२२: दुसरी तोड, माती पुन्हा

मिसळीचा ५९, पोत्याचा ५५, उकिरड्याचा ४४, कोऱ्या २७. मिसळीचा पट्टा पहिल्यांदाच पुढं, तोही पाऊण नत्रावर.

माती तोडीनंतर लगेच काढली, खोडव्याला खत देण्याआधी. खत दिल्यावर दोन-तीन महिने माती काढण्यात अर्थ नाही. मिसळीच्या एकाच मातीच्या दोन पिशव्या करून, नाव वेगळं घालून, एकाच ठिकाणी दिल्या. एकीचा कर्ब ०.४९ आला, दुसरीचा ०.५४. माती तीच. म्हणजे ०.०५ पर्यंतचा फरक मी फरक धरत नाही. पोत्याचा पट्टा ०.४६ वरून ०.४३ वर आला, त्याला मी ‘कर्ब घटला’ म्हणणार नाही. कोरा ०.४१, तो घटलेला दिसतो, पण तोही त्या मर्यादेच्या काठावर. एका चाचणीच्या कागदावरून ‘रासायनिकनं माती मेली’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आपलीच माती दोन पिशव्यांत घालून बघावी.

कर्ब इतका हळू का वाढतो, याचं उत्तर वजनात आहे. एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. तिचा कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ९०० किलो कर्ब कायमचा मातीत राहिला पाहिजे. १० टन शेणखतात निम्मं पाणी. उरलेल्यातला कर्ब दीड टनाच्या आसपास, आणि त्यातला बराचसा आमच्या उष्ण, ओल्या हवेत दोन-तीन वर्षांत हवेत जातो.

कागदापेक्षा मला डब्यानं जास्त पटवलं. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घेतला, दोन्ही तोंडं कापली, चार बोटं मातीत ठोकला आणि दोन लिटर पाणी ओतलं. पहिलं पाणी मोजायचं नाही, कोरडी माती ते ओढून घेते. ते जिरल्यावर परत दोन लिटर, आणि आता घड्याळ. मिसळीच्या पट्ट्यात वीस मिनिटांत डबा रिकामा. पोत्याच्या पट्ट्यात पाऊण तास झाला तरी तळाशी पाणी चमकत होतं, आणि आटल्यावर वर पापुद्रा धरला. दोन्हीकडं कुदळीनं एक-एक खड्डा घेतला. पोत्याच्या पट्ट्यातलं ढेकूळ मुठीत दाबलं तर कडेनं तुटलं, आत गुळगुळीत, मुळं ढेकळाच्या बाहेरून चपटी होऊन गेलेली. मिसळीतलं बोटांनी कुस्करलं की ज्वारीएवढे दाणे, मुळं दाण्यांच्या आरपार, आणि गांडुळांची बिळं काळ्या विष्ठेनं भरलेली.

स्फुरद मात्र पोत्याच्या आणि मिसळीच्या दोन्ही पट्ट्यांत ‘जास्त’ आला. म्हणून दोन्हीकडं खोडव्याला डीएपी (स्फुरदाचं खत) बंद केलं. १३५० रुपयांचं पोतं वाचलं, आणि पिकात काही फरक दिसला नाही.

ऑगस्ट २०२३: पाऊस नाही

फेब्रुवारीत खोडवा मोडून या खरिपाला सगळ्या पट्ट्यांत सोयाबीन घेतलं, कुठंच खत न देता. मागं जे घातलं त्यातलं काय शिल्लक आहे ते बघायचं होतं. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. मुद्दाम पाणी दिलं नाही. पोत्याच्या पट्ट्यातलं सोयाबीन दुपारी बाराच्या आतच पानं मिटायचं. मिसळीतलं तीनपर्यंत तग धरायचं आणि सकाळी पुन्हा ताठ असायचं. शेंगा भरण्यात फरक पडला, आणि तो मामांनी स्वतः पोती उचलताना सांगितला. चांगल्या पावसाच्या वर्षात मात्र हा फरक दिसला नसता.

माझं माहेर शाहूवाडीत, तांबडं रान. तिथं भाऊ भातानंतर मक्याला वर्षानुवर्षं फक्त युरिया टाकतो. त्याला मी सांगितलं की तुझ्या रानात आमच्यापेक्षा लवकर बिघडेल. आमच्या काळ्या मातीत चुना आहे, युरियातून तयार होणारी आम्लता तो मारतो. तांबड्या आम्लधर्मी मातीत तसा आधार नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून देशात ठिकठिकाणी चालू आहेत, आपल्याकडं नंतर अकोला आणि परभणीलाही. त्यातल्या रांचीच्या तांबड्या मातीत नुसतं नत्र दिलेल्या पट्ट्यांचं पीक पार खाली गेलं. चुना किंवा शेणखत मिळालेले पट्टे टिकले. भावानं यंदा चुन्याची मात्रा काढण्यासाठी माती दिली आहे.

ऑक्टोबर २०२३: अर्ध्या पट्ट्याचं शेणखत बंद

पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरातली) लागण. मिसळीच्या पट्ट्याच्या वरच्या भागात निम्म्या सऱ्यांना शेणखत, पाचट, ताग सगळं थांबवलं. त्यांना आता पोत्याच्या पट्ट्याइतकंच पूर्ण रासायनिक. केलेलं किती वर्षं पुरतं हे मला बघायचं आहे. रोथॅमस्टेडच्याच बार्लीच्या शेतात एका तुकड्याला १८५२ ते १८७१ एवढीच वर्षं शेणखत दिलं, नंतर कधीच नाही, आणि तरी त्या मातीत आजही शेजारच्या कोऱ्या तुकड्यापेक्षा सेंद्रिय कर्ब जास्त आहे. तिथली हवा थंड, आमच्याकडं एवढा टिकणार नाही. पण पाच वर्षं की दहा, हे कळलं तर दर लागणीला ट्रॉल्या आणायच्या की एकाआड एक, हे ठरवता येईल. शेणखत आता ट्रॉलीला पाच हजारांच्या पुढं गेलंय, आणि युरियाचं ४५ किलोचं पोतं अजून २६६ रुपये ५० पैशांनाच आहे. शेतकऱ्याचा हात पोत्याकडं का जातो, ते या दोन आकड्यांतच आहे.

जानेवारी २०२५: गुऱ्हाळ

या वेळी थोडा ऊस गुळाला घातला. पोत्याच्या पट्ट्याचं एक आदण (काहिलीत एका वेळी उकळायचा रस), मिसळीचं एक, एकाच दिवशी, एकाच काहिलीत. गुळव्याला कुठला ऊस कुठला ते सांगितलं नव्हतं. पहिल्या आदणाला मळी (रसातला गाळ) वर यायला वेळ लागला, त्यानं भेंडीचं पाणी परत घातलं आणि म्हणाला, “वैनी, ह्यो युरियाचा ऊस दिसतोय. रस फाटंना झालाय.” दुसऱ्याची मळी एकदम जाड वर आली, गूळ पिवळा आणि कणीदार पडला. पहिल्याचा तांबूस, नरम. नत्र जास्त झालं किंवा उशिरा दिलं की गुळाचा रंग आणि टिकाऊपणा बिघडतो, हे आमच्या भागातले गुळवे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. दोन आदणांवरून मी नेम धरत नाही, पुढच्या हंगामात परत करणार. पण नत्र भरणीनंतर कुठल्याच पट्ट्यात द्यायचं नाही, हे पक्कं केलं.

मार्च २०२५: आत्ताची स्थिती

कर्ब: पोत्याचा ०.४२, मिसळीचा चालू भाग ०.५८, शेणखत थांबवलेला भाग ०.५६, उकिरड्याचा ०.५४. चालू आणि थांबवलेल्या भागात अजून धरण्यासारखा फरक नाही. दोन्हीच्या एकरी वजनातही नाही.

उकिरड्याचा पट्टा मोडतो आहे. त्याची माती छान आहे, पण एकरी दहा-बारा टन कमी ऊस घेऊन घर चालत नाही. त्याला पुढच्या लागणीपासून निम्मं नत्र जोडणार.

नवीन खर्च: सिमेंटचा खड्डा, त्यात घरचं शेण, पाचटाचा भुसा आणि रस काढल्यावर उरलेली चिपाडं. विकतच्या ट्रॉल्या निम्म्यावर आणायच्या आहेत. पट्ट्यांच्या लाकडी खुंट्या प्रत्येक तोडीत निघून जात होत्या, म्हणून बांधावर सिमेंटचे खांब रोवले आणि विहिरीच्या कोपऱ्यापासूनची मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. थांबवलेल्या भागाची माती आता दर दुसऱ्या वर्षी, प्रत्येक वेळी दोन पिशव्यांत.